मोंढ्यातले मुनीम आणि वॉल स्ट्रीटचा मेरिल

प्रश्न : सर, आमची साडेतीन एकर जमीन हायवेत गेली. मावेजा मिळाला, तो बँकेत पडून आहे. धाकटा मुलगा पुण्यात एमबीएला आहे. दिवाळीला आला तेव्हा त्यानं चार्ल्स मेरिल नावाच्या अमेरिकन माणसाची गोष्ट सांगितली. साध्या माणसाला शेअर बाजाराची वाट त्यानंच दाखवली म्हणे. मुलगा म्हणतो, बाबा, तुम्हीही थोडे पैसे बाजारात घाला. हा माणूस कोण, कुठला, आणि लोकांनी त्याच्यावर विश्वास का टाकला, हे आमच्या भाषेत सांगाल का?
– एक शेतकरी, औसा तालुका

उत्तर : दादा, मेरिलबद्दल सांगायच्या आधी मला आमच्या आबांबद्दल सांगावं लागेल. मेरिल मला कळला तो त्यांच्यामुळे.

आबा लातूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर मुनीम होते. महिन्याच्या महिन्याला पगार, दिवाळीला एक धोतरजोडी आणि एक पगार जादा. दुकानावर माल किती आला, किती विकला, याचा त्यांच्या पगाराशी संबंध नव्हता. मी सातवी-आठवीत असताना शाळा सुटली की दुकानावर जाऊन बसायचो. संक्रांत नुकतीच झालेली, तुरीची आवक जोरात. गादीसमोर एक म्हातारे शेतकरी उकिडवे बसलेले आणि बाहेर त्यांची अकरा पोती. त्यांनी आबांना विचारलं, “मुनीमजी, ईकू का ठिवू?”

आबांनी कीर्दीतून मान वर केली, चष्मा कपाळावर सरकवला. “घरी कशाची नड हाय का?”

“न्हाई.”

“सोसायटीचं देणं?”

“फेडलं की मागल्या म्हैन्यात.”

“मग आठ-पंधरा दिस दम धरा. आवक लई हाय, भाव दबलाय. पोती माघारी न्या.”

मालक शेजारीच तक्क्याला टेकून बसले होते. ते काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरलेला मला दिसला. अकरा पोत्यांची आडत, म्हणजे त्यांची दलाली, डोळ्यांदेखत दारातून परत चालली होती. संध्याकाळी गंजगोलाईवरून घरी चालत येताना मी आबांना विचारलं, “मालक रागावले नाहीत का?” आबा म्हणाले, “मालक माणूस वाईट न्हाई. पर त्येंची चूल आडतीवर पेटते. माझा पगार पोत्यावर न्हाई, म्हणून मला खरं बोलाया जमतं.”

पुढे मी लातूरला कॉलेजात ३१ वर्षं वाणिज्य शिकवलं. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात कधीतरी अमेरिकेतल्या पेढ्यांच्या इतिहासात वाचलं, की १९४० साली वॉल स्ट्रीटवरच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराच्या पेठेतल्या, एका पेढीनं आपल्या विक्रेत्यांची दलाली बंद केली आणि त्यांना पगारावर घेतलं. मी पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसलो. आबांचं वाक्य मला तिथं भेटलं होतं. ती पेढी मेरिल लिंच, आणि तिचा संस्थापक हा चार्ल्स मेरिल.

जन्म १९ ऑक्टोबर १८८५ चा, फ्लोरिडातल्या ग्रीन कोव्ह स्प्रिंग्ज या छोट्याशा गावातला. वडील डॉक्टर, शिवाय त्यांचं औषधाचं दुकान. त्या काळचा गावाकडचा डॉक्टर म्हणजे काही धनवान नव्हे. घरात ओढाताण होती. मुलगा ॲमहर्स्टच्या नामांकित कॉलेजात गेला, तिथं जेवणाच्या बदल्यात इतरांना वाढायचं काम केलं, आणि दोन वर्षांत पैसे संपल्यावर पदवी न घेताच बाहेर पडला. मिशिगनला एक वर्ष कायदा शिकला, तेही अर्ध्यावर सुटलं. मधल्या सुट्टीत फ्लोरिडातल्या एका छोट्या वर्तमानपत्राचं संपादन केलं. आपल्याकडे अशा मुलाला लोक ‘धड ना इकडचा, धड ना तिकडचा’ म्हणतात. तुमच्या मुलाला एवढं जरूर सांगा, की पुढे अख्ख्या अमेरिकेला गुंतवणूक शिकवणाऱ्या या माणसाकडे स्वतःची डिग्री नव्हती.

१९०७ मध्ये तो न्यूयॉर्कला आला आणि एका कापड गिरणीच्या कचेरीत लागला. तेच वर्ष अमेरिकेतल्या मोठ्या घबराटीचं. बँकांच्या दारात आपले पैसे काढायला रांगा लागल्या होत्या. बाविशीतला मुलगा, शहर नवं, आणि पहिल्याच वर्षी डोळ्यांसमोर पेढ्या बसताना पाहिल्या. पुढे आयुष्यभर कर्जाबद्दल त्याच्या मनात जी धास्ती राहिली, तिचं बी मला तरी इथंच दिसतं.

न्यूयॉर्कच्या २३व्या रस्त्यावर वायएमसीएचं वसतिगृह होतं. तिथं त्याला एडमंड लिंच भेटला. बाल्टिमोरचा मुलगा, सोडावॉटरची यंत्रं विकायचा. दोघांची खोली एक झाली आणि पुढे धंदाही एक झाला. मेरिलला नव्या कल्पना सुचायच्या, लिंच एकेका करारातला शब्दन् शब्द तपासायचा. भागीदारी टिकायला अशी दोन वेगळ्या स्वभावांची माणसं लागतात. मोंढ्यातली जुनी दुकानं आठवून पाहा. एक भाऊ गादीवर, एक भाऊ काट्यावर.

१९०९ मध्ये मेरिल एका पेढीच्या रोखे विभागात गेला. रोखा म्हणजे कंपनीनं लोकांकडून व्याजानं घेतलेल्या कर्जाचा कागद. वॉल स्ट्रीटच्या पेढ्यांना तेव्हा बडे आसामी हवे असायचे. ज्याच्याकडे लाखो डॉलर, त्याला खुर्ची. शिक्षक, डॉक्टर, दुकानदार अशी पाचशे-हजार बाजूला टाकणारी माणसं कुणाच्या खिजगणतीत नव्हती. मेरिलनं त्यांना पत्रं पाठवायला सुरुवात केली. १९११ साली एका साप्ताहिकात या सामान्य गुंतवणूकदारावर लेखही लिहिला. तेव्हा तो २६ वर्षांचा होता. पुढची पंचेचाळीस वर्षं त्यानं त्या लेखातलीच गोष्ट कृतीत आणली.

६ जानेवारी १९१४ ला त्यानं वॉल स्ट्रीटवर स्वतःच्या नावाची पेढी उघडली. काही महिन्यांत लिंच येऊन मिळाला आणि १९१५ मध्ये पेढीच्या पाटीवर दोघांची नावं आली. पण मधल्या काळात काय झालं पाहा. पेढी उघडून सात महिने होत नाहीत तोच युरोपात महायुद्ध पेटलं. जुलैअखेर न्यूयॉर्कचा शेअर बाजार बंद झाला तो डिसेंबरापर्यंत बंदच. नवं दुकान थाटावं आणि अख्खा मोंढाच चार महिने बंद व्हावा, तशी ती गत. तरी पेढी तगली.

मेरिलची पेढी इन्व्हेस्टमेंट बँकेचं काम करायची. ही बँक म्हणजे काय, ते तुमच्या मुलाला येत असेल, पण तुम्हाला सांगतो. ही बँक आपल्या बँकेसारखी ठेवी घेत नाही. एखाद्या कंपनीला दुकानं वाढवायची आहेत, पैसा हवा आहे. पेढी तिचे शेअर किंवा रोखे एकरकमी उचलते, कंपनीला पैसे मोकळे करून देते आणि मग ते थोडेथोडे लोकांना विकते. विकले गेले नाहीत तर ढीग पेढीच्या अंगावर. म्हणून कोणता ढीग उचलायचा, हे ओळखण्यात सगळी विद्या आहे. वरची चार पसे पाहून सौदा करणारा बुडतो, पोत्यात खालपर्यंत बंबी घालून पाहणारा तगतो.

मेरिलनं ढीग निवडले ते साखळी दुकानांचे. त्या काळी मोठे बँकर रेल्वे आणि पोलाद सोडून दुसऱ्या कशाला हात लावायचे नाहीत, पाच आणि दहा सेंटच्या वस्तू विकणारी दुकानं त्यांना हलकी वाटायची. मेरिलनं मॅक्रोरी, क्रेसगी, जे. सी. पेनी अशा दुकानांसाठी भांडवल उभं केलं आणि १९२६ पासून सेफवे या किराणा दुकानांच्या साखळीत स्वतः उतरला. औषधाच्या दुकानात वाढलेल्या पोराला एक गोष्ट नीट माहीत होती. रोखीचा धंदा, फडताळावर माल पडून नाही, उधारीची वही नाही, आणि गिऱ्हाईक रोज येतं. अशा दुकानाचा शेअर महिनाअखेरीस पगार मोजणाऱ्या माणसाला न घाबरता देता येतो. महायुद्धात त्यानं वैमानिकांना विमान चालवायला शिकवलं, सिनेमाच्या कंपनीतही पैसा घातला, पण तो भाग मी सोडून देतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.

उत्तर १९४० मध्ये आहे. १९२९ च्या पडझडीनंतर अमेरिकेत दलालाचं नाव काढलं की लोक तोंड फिरवायचे. मेरिलनं १९३० मध्येच आपली शेअर विकायची शाखा दुसऱ्या पेढीला देऊन टाकली होती आणि तो सेफवेच्या कामात रमला होता. १९३८ मध्ये लिंच वारला. मेरिलचं वय पंचावन्नकडे झुकलेलं, पैसा भरपूर, घरी बसायला हरकत नव्हती. तेव्हा ती दुसरी पेढी अडचणीत आली आणि तिच्यातल्या जुन्या सहकाऱ्यांनी त्याला परत बोलावलं. तो आला. येताना त्यानं आधी गिऱ्हाइकांनाच विचारून घेतलं, की तुम्हाला दलालांबद्दल काय वाटतं. लोकांनी सांगितलं : हे आम्हाला विनाकारण घ्यायला-विकायला लावतात, कारण प्रत्येक सौद्यात यांची दलाली असते.

हे ऐकून मेरिलनं दलालीचीच गाठ सोडली. विक्रेत्यांना पगार ठरवून दिला. गिऱ्हाइकानं आज काही घेतलं नाही, काही विकलं नाही, तरी विक्रेत्याच्या घरी महिनाअखेर पैसे येणार. म्हणजे आता तोही म्हणू शकत होता, ‘आठ-पंधरा दिस दम धरा.’ दुसरं, एखाद्या कंपनीचा शेअर घ्या असं सांगताना त्यात पेढीचा स्वतःचा पैसा असेल तर ते आधी गिऱ्हाइकाला कळवायचं. तिसरं मला सगळ्यात मोठं वाटतं. अशा खासगी पेढ्या आपला हिशेब कुणाला दाखवायच्या नाहीत. यानं पहिल्याच वर्षाचा ताळेबंद छापून लोकांच्या हातात दिला, आणि त्या ताळेबंदात तोटा होता. आपली वही तोट्याच्या वर्षी चव्हाट्यावर मांडायला काय छाती लागते, हे मोंढ्यात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

१९४५ पासून नव्या विक्रेत्यांसाठी शाळा सुरू झाली, शिकल्याशिवाय गिऱ्हाइकापुढे जायचं नाही. १९४८ मध्ये पेढीनं न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात दिली. चित्र नाही, काही नाही. सहा हजारांहून जास्त शब्दांत शेअर म्हणजे काय, रोखा म्हणजे काय, हे बारीक टाइपात समजावून सांगितलेलं. लोकांनी ते वाचलं, कापून जपून ठेवलं, आणखी माहिती द्या म्हणून पत्रं लिहिली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला आपला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला. आबा सांगायचे, तेव्हा मोंढ्यात दोन नाणी चालायची, निजामाची हाली आणि इंग्रजांचा कलदार. सात हालीला सहा कलदार. साध्या शेतकऱ्याला त्या बट्ट्यातही कुणी नीट हिशेब सांगत नव्हतं. म्हणून ती जाहिरात मला मोठी वाटते. ज्याला कळत नाही त्याला आधी समजावून सांगा आणि मग विका, असं वागणारा व्यापारी विरळा.

१९४४ मध्ये मेरिलला हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतरची बारा वर्षं त्यानं घरूनच, पत्रांनी आणि फोनवरून पेढी चालवली. ६ ऑक्टोबर १९५६ ला तो गेला.


प्रश्न : १९२९ च्या पडझडीआधीच मेरिल यांनी आपले शेअर विकले, असं मी वाचलं. म्हणजे त्यांना पुढचं दिसत होतं. मग त्यांनी स्वतःला वाचवलं आणि बाकीच्यांना बुडू दिलं, असंच ना?
– एक शिक्षिका, परळी

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न मला आवडला, कारण मोठ्या माणसाबद्दल आधी हेच विचारायला हवं. पण इथं कागद मेरिलच्या बाजूनं बोलतो. ३१ मार्च १९२८ ला त्यानं आपल्या गिऱ्हाइकांना पत्र पाठवलं. त्याचा मतितार्थ असा : तुमचे सगळे शेअर सरसकट विका असं आम्ही म्हणत नाही, पण सध्या भाव चढे आहेत, त्याचा फायदा घ्या आणि डोक्यावरचं कर्ज फेडून टाका.

या पत्रातला ‘कर्ज’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तेव्हा अमेरिकेत लोक दहा-वीस टक्के रोख देऊन बाकी रक्कम दलालाकडून उसनी घेऊन शेअर उचलत होते. भाव चढता असेपर्यंत सगळे शहाणे. भाव उतरला की दलाल दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे मागणार, आणि नाही दिले तर तुमचे शेअर मिळेल त्या भावात विकून टाकणार. शेतकऱ्यानं उभ्या पिकावर आडत्याकडून उचल घ्यावी, आणि पीक घरात यायच्या आत आडत्यानं वसुलीला माणूस पाठवावा, तसं.

आता ताई, त्या पत्रानंतर काय झालं, ते तारखेनिशी पाहा. बाजार पडला नाही. चढतच राहिला, तब्बल सतरा महिने. ३ सप्टेंबर १९२९ ला डाऊ जोन्सचा निर्देशांक, म्हणजे तिथल्या बाजाराची चढ-उतार सांगणारा आकडा, ३८१ च्या वर होता. ज्यांनी मेरिलचं ऐकून १९२८ मध्ये हात आवरता घेतला, त्यांनी ते सतरा महिने घरात आणि शेजारात काय काय ऐकून घेतलं असेल, याचा विचार करा. खुद्द लिंचला ते पटत नव्हतं, तो बाजाराबद्दल आशेवर होता. सख्ख्या भागीदारासमोर, चढत्या बाजारात, थांबा म्हणत राहायचं. मला तरी यात स्वार्थ दिसत नाही. पेढीची कमाई सौद्यांवर होती, आणि मालकच गिऱ्हाइकांना सौदे कमी करा म्हणत होता.

मग ऑक्टोबर आला. आणि त्यानंतर जवळपास तीन वर्षं घसरण. ८ जुलै १९३२ ला तोच निर्देशांक ४१ वर होता. शंभरातले अकराही राहिले नाहीत.

पुढचं दिसत होतं का, तर नाही. तारीख त्यालाही माहीत नव्हती, म्हणून तर तो दीड वर्ष आधी बोलला. त्याला दिसत होतं ते एवढंच, की उसन्या पैशावर माणूस फार वेळ उभा राहू शकत नाही. आपल्याकडचं उदाहरण ताजं आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं होतं. दिवाळी यायच्या आत भाव जवळपास निम्म्यावर आला. माझ्या माहितीतल्या एका कुटुंबानं त्या ऑगस्टमध्ये घरातलं सगळं सोयाबीन विकून ट्रॅक्टरचं कर्ज फेडलं. आणखी वाढेल, थांबा, असं सगळं गाव सांगत होतं. त्यांनी भावाचा अंदाज बांधलाच नव्हता. घरच्या बाईनं फक्त एवढं म्हटलं होतं, “हप्ता जाऊ द्या एकदाचा, मग भाव कुठं जायचा तिथं जाऊ द्या.” मेरिलचं पत्र आणि या माउलीचं बोलणं, दोन्हीत मला फरक दिसत नाही.


प्रश्न : मेरिल एवढे सच्चे होते, तर त्यांची कंपनी २००८ मध्ये का बुडाली?
– अकरावी वाणिज्यचा विद्यार्थी, नांदेड

उत्तर : बाळा, कंपनी तेव्हा पुरती बुडाली नाही, बुडायच्या काठावर विकली गेली. १५ सप्टेंबर २००८ ला, लेहमन ब्रदर्स या वॉल स्ट्रीटवरच्या दुसऱ्या बड्या पेढीनं दिवाळखोरी जाहीर केली त्याच दिवशी, बँक ऑफ अमेरिकेनं मेरिल लिंच सुमारे ५० अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं. ज्यांना परतफेड झेपणार नव्हती अशांना वाटलेल्या घरकर्जांचे गठ्ठे बांधून केलेले रोखे कंपनीकडे फार साठले होते. घरांच्या किमती उतरल्या आणि ते रोखे कुणी घेईना.

मेरिल जाऊन तेव्हा ५२ वर्षं झाली होती. त्याच्या काळी ती भागीदारांची पेढी होती, तोटा आला तर तो भागीदारांच्या घरातून जायचा. १९७१ मध्ये कंपनीचे स्वतःचे शेअर बाजारात आले. तिथून पुढे जोखीम घेणारा एक आणि पैसा दुसऱ्याचा, असं झालं. माझ्या मते घसरण तिथून सुरू होते. माणसाचं नाव पाटीवर राहतं म्हणून त्याची सवय दुकानात राहतेच असं नाही. आणि तू मेरिलला देव करू नकोस. त्याची तीन लग्नं झाली, तिन्ही मोडली. त्याचा धाकटा मुलगा जेम्स मेरिल मोठा कवी झाला. बापाच्या धंद्याकडे तो वळला नाही.

परीक्षेसाठी हवं असेल तर १९१४, १९२८, १९४० आणि १९४८ या चार सालांभोवती उत्तर लिही. गुण मिळतील.


प्रश्न : आमच्याकडे पिग्मीचा एजंट रोज येतो. चांगला आहे, लेकासारखा वागतो. आता तो मोठी ठेव ठेवा म्हणतो, बँकेपेक्षा व्याज जास्त देतो. त्याला काय विचारू?
– एक गृहिणी, जालना

उत्तर : वहिनी, या प्रश्नाचं उत्तर देताना मला जड जातं, पण देतो.

बारा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीनं मला हाच प्रश्न विचारला होता. तिच्या हातात मिस्टरांच्या निवृत्तीचे चार लाख होते. गल्लीतलाच मुलगा एका पतसंस्थेचा एजंट होता, आमच्या डोळ्यांसमोर लहानाचा मोठा झालेला. बँकेपेक्षा अडीच टक्के जास्त व्याज. बहीण म्हणाली, “दादा, तू कॉलेजात हेच शिकवतोस. ठेवू का?” मी पावतीचा नमुना पाहिला, शिक्का पाहिला, संचालकांची नावं वाचली आणि म्हणालो, “ठेव.” पावणेदोन वर्षांनी एका सकाळी शटर उघडलं नाही. ती पावती अजून बहिणीच्या कपाटात स्टीलच्या डब्यात आहे, जांभळ्या शाईचा शिक्का आता पुसट झालाय. त्या मुलाच्या आईचेही पैसे त्याच संस्थेत गेले. तो खोटं बोलला नव्हता. त्याला सांगितलं गेलं ते त्याला खरंच वाटत होतं.

मी आबांचा मुलगा. गंजगोलाईवरून चालताना त्यांनी मला जे सांगितलं ते माझ्या लक्षात होतं, वर्गात मी ते दरवर्षी सांगायचो. तरी त्या दिवशी मी त्या पोराला एवढं विचारलं नाही, की बाळा, या ठेवीवर तुला किती मिळतं? अडीच टक्के जास्त व्याज देऊन वर तुला कमिशन द्यायला संस्था पैसा कुठून आणते? कर्ज कुणाला देते? त्याला उत्तर आलं नसतं, आणि ते न आलेलं उत्तरच आमच्यासाठी पुरेसं होतं. बहीण मला कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

म्हणून वहिनी, तुम्ही विचारा. लेकासारखा आहे म्हणूनच विचारा, परक्याला विचारायला तर कुणीही विचारतं. ‘तुला यातून काय सुटतं?’ हा प्रश्न अपमानाचा नाही. आणि ही ठेव बँकेत आहे की पतसंस्थेत, हे पाटी वाचून नक्की करा. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, एका बँकेत माणशी पाच लाखांपर्यंत विमा आहे. फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा एका लाखावरून पाचवर गेली. पतसंस्थेच्या ठेवीला तो विमा नाही. दोन्हीकडे काउंटर सारखंच दिसतं, पासबुकही सारखंच असतं, त्यामुळे हा फरक माणसांच्या लक्षात येत नाही. माझ्याही आला नव्हता, कारण मी पाहिलाच नव्हता.

म्युच्युअल फंड विकायला कुणी आला तरी हाच प्रश्न. पूर्वी तुमच्या गुंतवणुकीतूनच सुरुवातीला सव्वादोन टक्क्यांपर्यंत रक्कम कापली जायची, ऑगस्ट २००९ पासून शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं ते बंद केलं. पण वितरकाला फंडाकडून दरवर्षी कमिशन मिळतं, ते चालू आहे. त्यात गैर काही नाही, त्याचंही घर आहे. फक्त तो वितरक आहे की तुमच्याकडून फी घेऊन सल्ला देणारा नोंदणीकृत सल्लागार आहे, हे आधी कळू द्या. मुनीम कोण आणि आडत्या कोण, एवढंच पाहायचं.

आणि औशाच्या दादांना एक सांगायचं राहिलं. तुमच्या पत्रात सोसायटीच्या कर्जाचा उल्लेख नाही. असेल तर मावेजातून आधी ते भरा आणि नील दाखला हातात घ्या. मुलीचं लग्न, विहीर, घर, असं पुढच्या पाच वर्षांत जे जे दिसतंय त्याची रक्कम बँकेतच राहू द्या. मग जे उरेल, आणि सात-दहा वर्षं हात लावायची गरज पडणार नाही, त्यातला भाग बाजारात घालायला मुलाचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. त्याच्यावर रागावू नका. त्यानं मेरिलची गोष्ट वाचून ती बापाला येऊन सांगितली, ही चांगली खूण आहे. तो पुण्याहून येईल तेव्हा दोघं मिळून लातूरला या. शनिवारी संध्याकाळी मी मोंढ्याशेजारच्या वाचनालयात असतो. बँकेचं पासबुक, सोसायटीचा उतारा आणि गेल्या तीन वर्षांच्या तुरीच्या पट्ट्या बरोबर आणा. पट्ट्या फाटक्या असल्या तरी चालतील, मला वाचता येतात.